फाळके भागीदारांमुळे बुडाले की स्वभावामुळे?

गोदाकाठ

दर वर्षी ३ मे, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' चित्रपट प्रदर्शित झाल्याचा दिवस आला की दादासाहेब फाळक्यांवर तेच लेख फिरतात. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, घरातले दागिने गेले, सिनेमे बघून बघून डोळे अधू झाले, मग 'राजा हरिश्चंद्र' झाला, आणि शेवटी नाशकात हलाखीत गेले. सुरुवात आणि शेवट, बस्स. १९१३ ते १९४४ ही मधली एकतीस वर्षं कुठे गेली? त्या वर्षांत हा माणूस निर्माता म्हणून काय करत होता, कुठे चुकला, कुणी अडवलं, यावर नीट बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'फाळके कलावंत होते, त्यांना व्यवहार कळत नव्हता' हे आपण कौतुकाने म्हणतो, पण ते साफ चुकीचं आहे.

वाटाण्याचीच गोष्ट घ्या. १९१२ मध्ये ते लंडनहून शिकून परतले. विल्यमसन कॅमेरा मिळाला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मिळालं, पण सिनेमा काढायला पैसा नव्हता. कर्ज देणारा विचारणार की हे जमणार कशावरून? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा जागचा न हलवता रोज थोडं थोडं टिपत राहिले. महिनाभराने ते पडद्यावर दाखवलं तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत कोंब वर आला, पानं फुटली, वेल आधाराला चढली. 'अंकुराची वाढ' म्हणतात ते हेच. ते पाहूनच पैसे देणारा तयार झाला. आज नवा निर्माता दोन मिनिटांचा नमुना तयार करून लोकांची दारं ठोठावतो. फाळक्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी एका रोपट्यावर करून दाखवलं.

विक्रीतही ते कच्चे नव्हते. 'हरिश्चंद्र' गावोगावी नेला तेव्हा लोकांना सवय रात्र रात्र चालणाऱ्या नाटकाची, त्यांना पाऊण तासाचा खेळ महाग वाटायचा. फाळक्यांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! गिऱ्हाईकाला माल लांबीवर मोजायची सवय आहे ना, मग लांबीच सांगितली.

१९१७ च्या 'लंकादहन'ने तर पैशांची रास घातली. अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या होत्या. मद्रासकडे तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. म्हणजे १९१७ संपताना हा माणूस देशातला सर्वात यशस्वी चित्रनिर्माता होता.

आणि मग १ जानेवारी १९१८. नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट, फाटक, माधवजी जेसिंग, गोकुळदास दामोदर हे भांडवलवाले भागीदार आणि फाळके काम करणारे भागीदार. दोन वर्षं होत नाहीत तोच फाळके कंपनी सोडून बायकामुलांसह काशीला निघून गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहीत बसले. पुढे परत आले ते त्याच कंपनीत, पगारावर. मालकाचा नोकर झाला तो इथे. भांडवल आलं आणि सिनेमावरचा हात सुटला. माझ्या मते फाळके बुडाले ते इथे, भागीदारांच्या पैशात.

हिशेबनीस

धागा चांगला आहे, पण निदान पटलं नाही.

भागीदारीचे दस्त आणि त्यातली भांडणं बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. एखाद्याची एक भागीदारी मोडली तर दोष कुणाचा ते शोधावं लागतं. त्याच माणसाची दुसरीही तशीच मोडली तर मग त्या माणसाकडे बघावं लागतं. सिनेमाच्या आधी फाळक्यांचा छापखाना होता, विसरलात का? लोणावळ्याला सुरू केला, मग भागीदार घेऊन तो दादरला आला. १९०९ मध्ये ते रंगीत छपाईसाठी जर्मनीला जाऊन आले. धंदा चालू लागला, कामाचं नाव झालं, आणि नेमकं तेव्हाच भागीदारांशी बिनसलं. फाळके उठून बाहेर पडले. त्यानंतर आठ-दहा वर्षांनी नाशकात तेच घडलं.

भागीदार मागत तरी काय होते? खर्च आवरा, वेळेत चित्र द्या. ज्याचे पैसे अडकलेत तो एवढंही विचारणार नाही का? फाळक्यांना एखादा देखावा मनासारखा उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचा असे. कलावंत म्हणून मी त्यांच्यापुढे हात जोडतो. पण ती कच्ची फिल्म परदेशातून यायची, महायुद्धाच्या दिवसांत तिचा एकेक फूट मोजून वापरावा लागायचा.

आणि एक गोष्ट तुम्ही गाळलीत. 'श्रीकृष्णजन्म' १९१८ चा, 'कालियामर्दन' १९१९ चा. फाळक्यांच्या सर्वात गाजलेल्या चित्रांतली ही दोन त्याच हिंदुस्थान कंपनीत, त्याच पाच जणांच्या पैशावर झाली. भागीदारांनी बुडवलं म्हणताना या दोन चित्रांचं काय करायचं?

गोदाकाठ

हिशेबनीस, छापखान्याचा मुद्दा मान्य. तो मी गाळायला नको होता.

पण फाळके गेल्यावर कंपनीचं काय झालं तेही बघा. चित्रं निघत राहिली, पण ती ओढ राहिली नाही. म्हणून तर त्याच भागीदारांनी त्यांना पुन्हा बोलावून घेतलं. माणूस एवढा अवघड होता तर का बोलावलं? खर्चाला कात्री लावून सिनेमा होत नाही हे त्यांना कळलं असणार. नुसता पैसा असला की सिनेमा कळतो असं वाटणारी माणसं आजही या धंद्यात आहेत.

करवीर

आमच्या कोल्हापूरचं उदाहरण आणल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. भागीदारी वाईट नसते, ती कुणाशी करता यावर सगळं असतं.

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली. पाच भागीदार: शांतारामबापू (व्ही. शांताराम), दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पैसा कुलकर्ण्यांचा. बाकी चौघं बाबूराव पेंटरांच्या हाताखाली महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले. कुणी सेट उभारायचा, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी दिग्दर्शन करायचा. कच्ची फिल्म किती जळाली आणि का जळाली हे त्यांना कारकुनाकडून कळत नव्हतं, ते स्वतः तिथे उभे असत. त्यामुळे खर्चावरून भांडण झालं तरी ते एकाच कामातल्या माणसांचं भांडण असे. फाळक्यांकडे एका बाजूला काम आणि दुसऱ्या बाजूला तिजोरी, मध्ये दोघांची भाषा समजणारा कुणीच नाही. तिथे देवमाणूस असता तरी बिनसलंच असतं.

त्यामुळे हिशेबनीस, स्वभावाचं तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. स्वभाव तर पेंटरांचाही तापट आणि हट्टी होता. कॅमेरा मिळेना तर पठ्ठ्याने घरी बनवला आणि 'सैरंध्री' काढला. त्यांनाही शेवटी स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं. दोन गावं, दोन माणसं, एकच गत. मग दोष नुसत्या स्वभावाचा कसा?

(प्रभातही कायमची टिकली नाही, हे मी लपवत नाही. १९४२ मध्ये बापू बाहेर पडले, १९५३ मध्ये कंपनीला टाळं लागलं. पण मधल्या काळात जे झालं ते झालं.)

पुंडलिक_वरदे

पुन्हा सगळं फाळक्यांपासूनच सुरू? दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला होता, तिथेच 'हरिश्चंद्र' लागायच्या जवळजवळ एक वर्ष आधी. त्यांचं नाव या धाग्यात एकदाही नाही याचं वाईट वाटलं.

गोदाकाठ

तोरण्यांबद्दल पूर्ण आदर आहे. 'पुंडलिक' हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता आणि फिल्म धुतली लंडनला. म्हणून पहिलेपणाचा मान फाळक्यांना देतात. पण पहिलं कोण हा या धाग्याचा विषयच नाही. निर्माता टिकतो कसा हा आहे.

पुंडलिक_वरदे

मग टिकण्याच्याच विषयावर बोलतो. तोरणे फाळक्यांपेक्षा जास्त टिकले. का? त्यांनी पुढे मूव्ही कॅमेरा कंपनी काढली आणि यंत्रं विकायला घेतली. १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाला ध्वनिमुद्रणाची यंत्रणा त्यांच्याकडूनच गेली. बोलपट आला तेव्हा फाळके 'सेतुबंधन' मूकपट म्हणून काढत होते, पैसा मध्येच संपला होता, आणि शेवटी त्या चित्रावर मागाहून आवाज चढवावा लागला. तोरण्यांनी त्याच सुमारास पुण्यात सरस्वती सिनेटोन उभी केली आणि 'श्यामसुंदर' काढला, तो आठवडेच्या आठवडे चालला. एक जण नव्या यंत्राचा विक्रेता, दुसऱ्याला ते यंत्र परवडेना. धंद्यात राहायचं तर चित्राशिवाय आणखी एक पाय कुठेतरी रोवलेला लागतो, तो फाळक्यांकडे नव्हता.

चौथी_रांग

पुंडलिक यांनी 'आणखी एक पाय' म्हटलं, म्हणून लिहायला बसलो. मी एक मराठी चित्रपट काढलाय. भाऊबंदांकडून उसने घेतले, थोडं कर्ज काढलं, तीन वर्षं लागली. शुक्रवारी प्रदर्शित झाला. शहरातल्या एका मोठ्या मल्टिप्लेक्सने सकाळी साडेनऊचा एकच शो दिला. पहिल्या दिवशी मी आणि माझी बहीण मागच्या रांगेत बसून डोकी मोजत होतो. सोळा जण. शनिवारी एकतीस झाले, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरला होता. रविवारी गेलो तर पोस्टरच्या जागी दुसरं पोस्टर. कुणी कळवलंही नव्हतं.

त्यामुळे तुमचं भागीदार आणि स्वभावाचं भांडण वाचताना मला राहून राहून वाटतं की मुख्य गोष्ट बाजूलाच राहतेय. थिएटर कुणाचं होतं? कोरोनेशन फाळक्यांचं नव्हतं. 'लंकादहन' गिरगावात ज्या वेस्ट एंडमध्ये चालला तेही नव्हतं. गावोगावचे तंबूही त्यांचे नव्हते. त्याच काळात कलकत्त्याला जमशेदजी मदन काय करत होते? थिएटरं घेत होते. एकामागून एक, पार रंगून-कोलंबोपर्यंत, शंभराच्या वर गेली ती. मदनचं चित्र पडलं तरी पडदा मदनचाच, उद्या त्यावर अमेरिकन चित्र लावून भरपाई व्हायची. फाळक्यांचं चित्र पडलं की घर पडायचं, आणि चाललं तरी गल्ल्यातला मोठा वाटा दुसऱ्याच्या खिशात. असा निर्माता प्रत्येक नव्या चित्राला पुन्हा शून्यावर उभा असतो. कधी विमा गहाण, कधी दागिने, कधी संस्थानिकांच्या दारात. यात स्वभाव कुठे आला?

हिशेबनीस

चौथी_रांग, तुमचा अनुभव वाचून खरंच वाईट वाटलं. चित्रपट आता कुठे बघायला मिळत असेल तर जरूर सांगा, मी बघेन.

थिएटरचा मुद्दा या धाग्यातला सर्वात वजनदार मुद्दा आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. पण त्यातूनच माझं म्हणणं पुढे नेतो. थिएटरं घ्यायला मोठं भांडवल लागतं, आणि मोठं भांडवल फाळक्यांच्या दारात आलं नाही असं नाही. १९१४ मध्ये ते आपली तीन चित्रं घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी कामाची वाहवा केली, तिथे राहून चित्रं काढा असं आमंत्रण दिलं. फाळके नको म्हणाले, मी माझ्या देशात धंदा उभा करणार. इथवर मी त्यांच्याच बाजूला आहे, स्वदेशीसाठी सरकारी खात्यातली नोकरी सोडलेला माणूस दुसरं काय म्हणणार? परत आले तो महायुद्ध पेटलेलं, पैसे देणारे मागे सरलेले. पण मग 'लंकादहन'च्या सुमारास खुद्द लोकमान्य टिळक, रतन टाटा, शेठ मनमोहनदास रामजी यांच्या पातळीवर फाळक्यांचा कारखाना लिमिटेड कंपनी करण्याची बोलणी झाली. असं पाठबळ त्या काळात किती जणांना मिळालं असेल? तेही जमलं नाही. नंतर नाशिकची भागीदारी, तीही मोडली.

छापखाना धरला तर तीन वेळा दुसऱ्याबरोबर मोठं होण्याची संधी आली आणि तिन्ही वेळा गेली. परिस्थिती वाईट होती हे खरंच. पण ज्याला कुणाच्याच शब्दात राहायचं नाही, त्याला थिएटरांची साखळी कोण उभारू देणार?

अबोली

मला तुम्हा सगळ्यांना एक विचारायचंय. इतके प्रतिसाद झाले, 'घरातले दागिने' दोनदा आले. ते दागिने कुणाचे होते?

सरस्वतीबाई फाळके. त्यांचं नाव अजून एकाही प्रतिसादात नाही, म्हणून मी सविस्तर लिहिते.

त्या वेळी कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. ती भोकं आपली आपण पाडायची, तीही काळोखात, कारण उजेडाचा एक किरण पडला तर सगळी फिल्म काळी. आता डोळ्यांसमोर आणा. दादरच्या 'मथुरा भवन'मध्ये दिवसभर चित्रीकरण. नाटक मंडळीसारखा सगळा संसार तिथेच, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक या बाईच्या अंगावर. दुपारी उन्हात पांढरी चादर ताणून उभं राहायचं, कलाकारांच्या तोंडावर उजेड परतवायला. रात्री सगळे जेवून झोपले की अंधाऱ्या खोलीत बसून बोटांनी चाचपत फिल्मला भोकं पाडायची. एक भोक चुकलं की पडद्यावर चित्र उडणार. फिल्म धुण्याची रसायनं कालवायची तीही त्याच हातांनी. सकाळी पुन्हा चूल. सोबत पोरं. 'हरिश्चंद्र'मधला रोहिदास हा त्यांचा मुलगा भालचंद्र.

आता हिशेबनीस साहेब, तुम्हीच हिशेब करा. फोटोग्राफीचा सहायक, रसायनशाळेतला माणूस, खानावळ, दिव्यांवरचा माणूस, कर्जाला तारण. एवढी माणसं पगारावर ठेवली असती तर 'हरिश्चंद्र' केवढ्याला पडला असता? फाळक्यांचा स्वतंत्रपणा घरातल्या या न मोजलेल्या कामावर उभा होता. १९१३ ते १९१७ धंदा टिकला कारण घर आणि कारखाना एकच होतं. नाशिकला कंपनी झाली, भागीदारांची नावं कागदावर आली, त्यात तिचं नाव नाही. जी माणसं खरोखर भांडवल घालत होती त्यातल्या एकीला कुणी भागीदार मानलंच नाही. करवीर म्हणतात की काम आणि तिजोरी या दोघांची भाषा समजणारं मध्ये कुणी नव्हतं. होतं. तिला कुणी बैठकीत बसवलं नाही.

करवीर

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद घरी आईला वाचून दाखवला. ती पहिल्यांदा म्हणाली, "आणि पोरं आजारी पडली तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गोदाकाठ

अबोलीताई, चूक कबूल करतो. 'हा माणूस यशस्वी निर्माता होता' असं एकवचनी लिहून गेलो. ते घर निर्माता होतं असं म्हणायला हवं होतं.

मूळ म्हणण्यावरही थोडा मागे येतो. भागीदारांना एकट्याला दोष देणं बरोबर नव्हतं. चौथी_रांग यांचा पडद्याचा मुद्दा आणि ताईंचा हा मुद्दा एकत्र धरला की मला चित्र वेगळं दिसतं: मागे पडदा नाही, पुढे घराची ताकद संपलेली, मध्ये पैसेवाल्यांशी रोजची वादावादी. पण फाळक्यांना कुणाच्या शब्दात राहायचं नव्हतं, हे हिशेबनीसांचं म्हणणं मी दोष म्हणून मान्य करणार नाही. सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ मध्ये, कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' केला. दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्याचा स्टुडिओ, आयुष्यातला एकमेव बोलपट. दुसऱ्याच्या छपराखाली त्यांना काम करता येत नव्हतं असं नाही.

हिशेबनीस

अबोलीताईंचा हिशेब मी केला नव्हता, आणि इतकी वर्षं हिशेबच करतोय. मान्य.

माझा मुद्दा मात्र सोडत नाही. 'कालियामर्दन'चा बराचसा भाग जपला गेलाय, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहा. काल रात्री मी पुन्हा लावला. अगदी सुरुवातीला कृष्ण झालेल्या मुलीचा नुसता चेहरा दिसतो. ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सात-एक वर्षांची. ती हसते, रुसते, डोळे मोठे करते. कथा पुढे सरकत नाही, काही घडत नाही, कॅमेरा फक्त त्या चेहऱ्यावर थांबून राहतो. फिल्म महाग असताना तिच्या चेहऱ्यावर एवढी फिल्म खर्च केली, आणि ती फिल्म भागीदारांच्या पैशाची होती.

अबोली

आणि ती फिल्म धुताना अंधारात तो चेहरा सगळ्यांत आधी कुणी पाहिला असेल, मी मघापासून तेच मनात धरून बसलेय.